पोटाने पाठवलेला निरोप

२००४ साल. मी छप्पन्न वर्षांचा होतो आणि कारखान्यातल्या आमच्या अख्ख्या शॉपमध्ये, म्हणजे आमच्या विभागात, माझ्याएवढं पोट दुसऱ्या कुणाचं नव्हतं. हे मी लाजून सांगत नाही. आमच्या घराण्यात पोट सुटलेला मी पहिला. माझ्या वडिलांच्या फासळ्या शर्टातून मोजता यायच्या. मी जळगावकडून चौथी पास होऊन इथे भोपाळला कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो आणि क्रेन ऑपरेटर झालो. क्वार्टर मिळालं, दोन वेळा पोटभर मिळालं, आणि जे मिळालं ते अंगावर दिसलं. त्यात लपवायचं काय?

आमची क्रेन म्हणजे रस्त्यावर दिसते तसली नव्हे. शॉपच्या छताखाली दोन्ही बाजूंना रूळ, त्यांवरून धावणारा लोखंडी पूल, आणि त्याला खाली लटकलेली काचेची केबिन. त्या केबिनमध्ये मी. खाली जमिनीवर उभा राहून हाताच्या खुणा करणारा जो माणूस, त्याला आमच्याकडे खलासी म्हणत. इतक्या आवाजात वर बोललेलं खाली आणि खालचं वर ऐकू येत नाही. सगळा व्यवहार हातांचा. त्याने अंगठा खाली केला की मी माल खाली सोडणार, मूठ वळली की थांबणार. मधे दुसरं काही नाही.

माझा खलासी जुन्या शहरातला, पक्का भोपाळी; आपण 'राव' म्हणतो तसं प्रत्येकाला 'खां' म्हणणारा. एकोणीस वर्षं तो खाली आणि मी वर. जड माल उचलायचा असला की मी शिडी चढण्याआधी तो माझ्या पोटाला हात लावून तोच हात कपाळाला लावायचा. म्हणायचा, "तुम्हारे गणपति के पैर तो दिखते नहीं खां, पेट ही छू लेता हूं." सगळे हसायचे. मीही पोट पुढे काढायचो. मराठी मंडळाच्या गणपतीत मोदक खाण्यात मला हरवणारा कारखान्याच्या टाउनशिपमध्ये कुणी नव्हता.

साखरेचा आजार निघून आठ वर्षं झाली होती. गोळ्या होत्या. आठवण आली की घ्यायचो, आणि आठवण मी फारशी येऊ देत नव्हतो. बायको रोज वाटीत गोळी काढून ठेवायची. मी म्हणायचो, ठेव, घेतो. ती म्हणायची, "काल ठेवलेली पण तिथेच आहे. आता तिला जोडीदार मिळाला."

मार्च महिना असेल. सकाळी चहा घेताना डाव्या डोळ्यापुढे एक काळा धागा आला. मी माशी समजून हात हलवला. धागा गेला नाही. डोळा फिरवला की तोही फिरायचा, थांबला की हळूच खाली बसायचा, पाण्यात राख बसते तसा.

"काय हो, कुणाला हाकलताय?" बायकोने विचारलं.

"माशी."

"माशी कुठाय?"

"गेली," मी म्हटलं.

त्या दिवसापासून माझा रोजचा एक चोरून कार्यक्रम सुरू झाला. उठलं की उजवा डोळा तळहाताने झाकायचा आणि खिडकीच्या गजांकडे बघायचं. गज सात होते. काही दिवस सात दिसले. मग मधला एक गज वाकलेला दिसायला लागला. हात लावून बघितलं, गज सरळ होता. गज वाकला असता तर बरं झालं असतं.

मी कुणाला सांगितलं नाही. आमच्याच रांगेत पाच क्वार्टर सोडून लेथवर काम केलेला एक रिटायर्ड टर्नर राहायचा. साखरेने त्याचे दोन्ही डोळे गेले होते. एकेकाळी हाताला केसाएवढा फरक कळणारा माणूस, तो आता अंगणात बसून येणाऱ्याच्या चपलेच्या आवाजावरून नाव ओळखायचा. माझ्या चपलेचा आवाज आला की हाक मारायचा, "आला का हत्ती?" त्या महिन्यात मी त्याच्या दारावरून जाणं सोडलं. मागच्या गल्लीने जायला लागलो.

आता चार्टचं सांगतो. ते सांगायला आजही जीभ जड होते.

क्रेनवाल्यांची दरवर्षी नजर तपासत. दवाखान्यात भिंतीवर अक्षरांचा चार्ट, वर मोठी अक्षरं, खाली बारीक होत जाणारी. एक डोळा झाकून वाचायचं. मला इंग्रजी अक्षरं ओळखू यायची, पण झटकन नाही. माझ्यामागे रांगेत पोरंसोरं उभी, आणि मी एकेका अक्षराला अडखळतोय, हे मला सहन होईना. म्हणून फार वर्षांपूर्वी, नजर गिधाडासारखी असतानाच, मी चार्ट पाठ करून टाकला. तो कागद आमच्या क्रेनवाल्यांत हातोहात फिरायचा. प्रत्येक नव्या ऑपरेटरला जुना ऑपरेटर तो द्यायचा, आणि त्यात कुणालाही गैर वाटायचं नाही. दिसत तर आहेच, मग वाचायला अडखळायचं कशाला, असा हिशेब. मी स्वतः चार जणांना दिला असेल.

त्या वर्षीची तपासणी एप्रिलमध्ये आली. तपासणारा कम्पाउंडर. त्याने माझा उजवा डोळा पुठ्ठ्याने झाकला. समोर भिंतीवर एक धुरकट पांढरा चौकोन होता. अक्षरं नव्हतीच. काळ्या मुंग्यांचा एक पुंजका, आणि त्यावरून खाली घरंगळणारा माझा तो धागा. मी तोंड उघडलं आणि वरपासून खालपर्यंत धडाधड म्हणून दाखवलं. शेवटची ओळसुद्धा.

"क्या बात है काका, इस उमर में!" कम्पाउंडर म्हणाला आणि शिक्का मारला. फिट.

बाहेर येऊन मी नळाखाली तोंड धुतलं. आजवर कुणाला फसवलं तर कसं निभावून नेलं याचा आनंद तरी व्हायचा. या वेळी असं वाटलं की मला पकडायला हवं होतं आणि पकडणारा माणूसच भिंतीकडे बघत नव्हता.

त्यानंतर पंधरा दिवसांनी ते झालं.

सकाळची पाळी. एका मोठ्या यंत्राचं वरचं झाकण खालच्या भागावर बसवायचं होतं. चौदा टनांचं. असलं काम माझ्याशिवाय कुणाला देत नसत. शेवटचं चार बोटं अंतर सगळ्यात अवघड. खिळा भोकावर येईपर्यंत माल केसाकेसाने सोडायचा. खाली एक तरुण फिटर हाताने झाकण सरकवून जागेवर आणत होता आणि त्याच्या बाजूला माझा खलासी, अंगठा खाली.

मी सोडत होतो. आणि एकदम डाव्या डोळ्यात, बाटलीत शाईचा थेंब पडावा तसं काहीतरी पसरलं. आधी लालसर, मग काळं. मी मान वळवून उजव्या डोळ्याने बघायला गेलो, पण नजर लागेपर्यंत खलासीच्या जागी मला फक्त एक हलणारी सावली दिसली. तो हात हलवत होता. सोड म्हणतोय की थांब म्हणतोय, ते कळेना. शहाणा माणूस ज्या वेळी थांबतो, त्या वेळी मी काय केलं? मला वाटलं, थांबलो तर विचारतील का थांबलास. मी सोडलं.

झाकण बसलं. आवाज बरोबर आला, घट्ट, जागेवर. मग डावा डोळा मिटून घेतला, तेव्हा खाली गडबड दिसली. फिटर जमिनीवर उताणा पडला होता आणि खलासीच्या हातात त्याच्या शर्टाची कॉलर होती. झाकणाच्या आणि बुडाच्या फटीतून एका हातमोज्याची दोन बोटं बाहेर आलेली होती.

मोजा रिकामा होता. हे कळायला मला किती वेळ लागला कोण जाणे. तेवढ्या वेळात माझा घाम मानेपासून कंबरेपर्यंत आला.

फिटर पोरगेलासा होता, उठून हसायला लागला. आपलाच मोजा अडकला, आपणच उशीर केला, असं त्याला वाटलं. त्याने उलट वर बघून मला सलाम केला. तो सलाम मी अजून विसरलेलो नाही.

मी शिडी उतरलो तेव्हा खलासी खाली उभा होता. पोटाला हात नाही, थट्टा नाही.

"को खां," तो हळू आवाजात म्हणाला, "मैं दोनों हाथ हिला रिया था. दोनों. सीटी भी मारी. तुम देख कां रिये थे?"

"धूल गेली डोळ्यात," मी म्हटलं.

"धूल?"

"हां, धूल. तुला काय म्हणायचंय?" मी आवाज चढवला. त्याच्याशी मी मराठीत बोलायचो आणि तो माझ्याशी त्याच्या बोलीत. एकोणीस वर्षांत कधी अडलं नाही.

त्याने गळ्यातली शिट्टी काढून खिशात ठेवली. मग म्हणाला, "मुझसे लड़ लो खां. मैं किसी से कुछ नहीं बोलूंगा, कसम से. पर कल मैं नीचे खड़ा नहीं होऊंगा. और कोई दूसरा खड़ा होगा ना, तो उसको बता के चढ़ना."

एवढं बोलून तो गेला. त्याने माझी तक्रार केली असती तर मी त्याच्याशी भांडलो असतो, युनियनमध्ये गेलो असतो, सगळं केलं असतं. तक्रार न करून त्याने माझी वाटच बंद केली.

दुपारी सुट्टी झाल्यावर मी दवाखान्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. नवीनच आलेली बाई, माझ्या मुलीच्या वयाची, इंदूरकडची मराठी. डोळ्यापुढे धागा येतो, एवढंच मी सांगितलं. तिने थेंब घातले, अर्धा तास बसवलं, मग खोलीत अंधार करून माझ्या डोळ्यात उजेड टाकून बघत बसली. डावा बघितला. उजवा बघितला. परत डावा. कुणी काही बोलत नाही आणि नुसतं बघतंय, याच्याइतकं भीतीदायक मी दुसरं काही पाहिलेलं नाही.

"काका, साखर किती वर्षांपासून आहे?"

"आठ."

"गोळ्या घेता?"

"घेतो."

"रोज?"

मी शर्टाची बटणं नीट करायला लागलो.

"खरं सांगा हो. मी काय तुमची सून आहे माझ्यापासून लपवायला? काम काय करता तुम्ही?"

इथे मी खोटं बोललो. "स्टोअरला आहे," म्हटलं. तिने लिहून घेतलं. पेनाचा आवाज मला ऐकू आला.

मग तिने समजावून सांगितलं. डोळ्याच्या मागे एक पडदा असतो. साखरेने त्याच्या बारीक रक्तवाहिन्या बुजतात, पडदा उपाशी पडतो. उपाशी पडदा मग नव्या वाहिन्या उगवतो. "पण त्या कच्च्या असतात काका. जिथे नको तिथे वाढतात, आणि फुटतात. तुम्हाला जो धागा दिसतो ना, ते रक्त आहे. आज जास्त फुटलंय. उजव्या डोळ्यातही सुरुवात आहे."

उजव्यातही. मी खुर्चीचा हात धरला.

"आणि हे," ती म्हणाली.

"हे काय?"

"हे पोट."

"पोटाचं काय? तुम्ही डोळ्याच्या डॉक्टर ना? डोळ्याचं बोला."

ती रागावली नाही. म्हणाली, "तुम्हाला वाटतं चरबी म्हणजे डब्यात साठवलेलं तूप. पडून आहे, कुणाला त्रास नाही. तसं नाहीये. चरबी जिवंत असते. ती रक्तात रस सोडते, हार्मोन म्हणतात त्याला. एक प्रकारचे निरोपच ते. चरबी वाढली की तिला स्वतःला रक्त लागतं. रक्त आणायला नवी नळी लागते. मग ती निरोप पाठवते, की वाढा, नव्या वाहिन्या वाढा. एकाचं नाव लेप्टिन. त्याचं मुख्य काम खरं तर मेंदूला सांगणं की पुरे, आता जेवण थांबवा."

"मग मला भूक का लागते?"

"फार झालं की मेंदू ऐकेनासा होतो."

"म्हणजे माझ्यासारखा," मी म्हटलं. ती हसली. मला हसू आलं नाही.

"तेच लेप्टिन वाहिन्यांनाही वाढायला सांगतं. आणि चरबीतूनच एक दुसरा हार्मोन येतो, तो चांगला, वाहिन्यांना सांभाळणारा. पण पोट जितकं मोठं तितका तो कमी." त्या दुसऱ्याचं नाव लांबलचक होतं. ते मला राहिलं नाही.

"म्हणजे माझ्या पोटाने माझा डोळा फोडला?"

"तसं नाही म्हणता येत. मुख्य काम साखरेचं. डोळ्यात या हार्मोनांचा हात किती, ते मोठमोठे लोक अजून शोधून राहिलेत. पण ते रक्तात असतात, आणि रक्त सगळीकडे जातं. डोळ्यातही जातं. पोट कमी केलं तर साखरही ऐकते. हे मात्र नक्की."

मला हे लगेच समजलं, आणि का समजलं तेही सांगतो. आमच्या क्वार्टरच्या मागे मी वांगी-मिरचीचा वाफा केला होता आणि त्याला पाणी हवं म्हणून रस्त्याखालच्या मोठ्या लाइनीला भोक पाडून परवानगीशिवाय बारीक नळी जोडली होती. रांगेत निम्म्या लोकांनी तेच केलं होतं. वाफे हिरवेगार, आणि टोकाच्या क्वार्टरात नळाला पाणी नाही. रस्त्यात कुठेकुठे जोड गळायचे आणि चिखल व्हायचा. मी त्या खुर्चीत बसून विचार केला, की जे मी रस्त्याखाली केलं तेच माझं पोट आतल्या आत करतंय, मला न विचारता. ज्या पोटाला मी इतकी वर्षं मिरवलं ते माझ्या मागे कुणाकुणाला निरोप पाठवत होतं. मी पोटावरचा हात काढून घेतला.

"दिसेल का?" मी विचारलं.

"लेझर करावा लागेल. शहरातल्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी देते. जे गेलं ते सगळं परत येईल असं मी म्हणणार नाही. जे आहे ते वाचवू. आणि काका, जड उचलू नका, वाकू नका, उंचावर चढू नका. स्टोअरला आहात म्हणून बरं. मशीनवर असता तर मला आजच लिहून द्यावं लागलं असतं."

मी चिठ्ठी घेतली आणि बाहेर आलो.

थेंबांमुळे बाहुल्या ताणलेल्या. बाहेर एप्रिलचं ऊन, आणि सगळं पांढरं. झाडं नाहीत, रस्ता नाही, फक्त पांढरं, आणि त्यात डाव्या बाजूला काळा डाग. दवाखान्यापासून माझं क्वार्टर दहा मिनिटांवर. बत्तीस वर्षं चाललेला रस्ता. मी कुंपणाची तार चाचपत गेलो. एक सायकलवाला घंटी मारत अंगावरून गेला आणि ओरडला, "अंधे हो क्या?" मी त्याला शिवी द्यायला तोंड उघडलं आणि शिवी आलीच नाही.

मागच्या गल्लीचं वळण मला सापडलं नाही. पुढच्याच रस्त्याने गेलो. टर्नरच्या दारावरून जाताना तो नेहमीप्रमाणे अंगणात होता. माझी चाल त्याने ऐकली. हत्ती म्हणाला नाही. एवढंच विचारलं, "कोण आहे? हळू जा, पुढे पायरी आहे." माझ्या पावलांवरून त्याने मला ओळखलं नव्हतं. माझ्या पावलांवरून त्याला आंधळा ऐकू आला होता.

घरी आलो. बायकोने माझे डोळे बघितले आणि हातातली परात खाली ठेवली.

"काय झालं?"

सगळं सांगितलं. धागा, गज, चार्ट, मोजा. आधी चिडली ती चार्टवर नाही, गजावर. "महिनाभर रोज सकाळी खिडकीशी उभे राहत होतात. मला वाटलं देवाचं काहीतरी म्हणताय. म्हटलं म्हातारपणी सुधारले."

मग मी पोटाचं सांगितलं. निरोप, हार्मोन, नळ्या. ती नीट ऐकत होती. म्हणाली, "इतकी वर्षं मी सांगत होते तर तुम्ही ऐकलं नाहीत. पोटाचं मात्र सगळ्यांनी ऐकलं."

"थट्टा करू नकोस."

"थट्टा नाही करत. मला रडायला येतंय, म्हणून बोलते." ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "डॉक्टरीणबाईला स्टोअर का सांगितलंत?"

"अगं, चार वर्षं राहिलीत. क्रेनवरून उतरवून मला कोपऱ्यात बसवतील. लोक येता-जाता बघतील."

"आणि उद्या खाली कोण उभं राहील?"

मी पाण्याचा तांब्या उचलला. ती पुढे म्हणाली, "तो फिटर कोणाचा तरी मुलगा आहे ना? त्याच्या आईला तुम्ही काय सांगणार होतात, धूळ गेली?"

मी ओरडलो तिच्यावर. बायकांना शॉपमधलं काय कळतं, वगैरे. जे ओरडायचं ते सगळं ओरडलो. ती स्वयंपाकघरात गेली. ताटात दोन पोळ्या आणल्या, नेहमी पाच असायच्या, आणि बाजूला गोळी. मी दोन खाल्ल्या. तिसरी मागितली नाही. गोळी घेतली. हात पोटावर जाऊ नये म्हणून बोटं गुंफून बसलो, आणि मला सारखी ती मोज्याची दोन बोटं दिसत राहिली. डोळे मिटले की जास्त स्पष्ट.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाळीच्या अर्धा तास आधी शॉपमध्ये गेलो. शिडीकडे न जाता फोरमनच्या टेबलाकडे गेलो आणि माझं ऑपरेटरचं कार्ड त्याच्यापुढे ठेवलं. म्हटलं, डोळा खराब झालाय, चार्ट मी पाठ म्हणून दाखवला होता, कालचा मोजा माझ्यामुळे अडकला. त्याने दोनदा विचारलं, आणखी कुणी चार्ट पाठ केलाय? मी म्हटलं, "मी माझं सांगायला आलोय. तुम्ही चार्ट बदला, आपोआप कळेल."

तो म्हणाला, लिहून द्यावं लागेल, थांबा, क्लार्कला बोलावतो. मी म्हटलं, क्लार्क नको. कागद घेतला. ओळी दिसत नव्हत्या. नाक कागदाला टेकेपर्यंत वाकलो, मग डॉक्टरीण वाकू नका म्हणाली होती ते आठवलं, तसा सरळ बसलो आणि कागदच उचलून डोळ्यांपुढे धरला. हिंदीत लिहिलं, मोठ्या अक्षरांत, एका ओळीवर दुसरी चढत गेली: मेरी आँख खराब है. मैं आज से क्रेन नहीं चलाऊँगा. खाली सही केली. मग दवाखान्यात जाऊन डॉक्टरीणबाईच्या दाराशी पहिला नंबर लावला, आणि तिने दार उघडताच सांगितलं, "कालचं ते स्टोअर खोडा. क्रेन लिहा."